टॅटरशॉल कर्झनने वाचवला, म्हणून मालकांचे पोवाडे?

घाटमाथा: काल इथे एकाने लिहिलं की लॉर्ड कर्झनने, म्हणजे हिंदुस्थानच्या माजी व्हाइसरॉयने, लिंकनशायरमधला टॅटरशॉल किल्ला पदरच्या पैशाने वाचवला, आणि जुन्या वास्तू अशा दर्दी मालकांमुळेच टिकतात. वाचून डोकं फिरलं. किल्ल्याची दैना केली कुणी? मालकांनीच! इंग्लंडचा खजिनदार राल्फ क्रॉमवेल याने 1430च्या दशकात तो विटांचा प्रचंड मनोरा बांधायला काढला. आतल्या दगडी शेकोट्यांवर खजिनदाराची थैली कोरलेली आहे. 1910 मध्ये किल्ला विकला गेला आणि त्याच शेकोट्या उचकटून अमेरिकेला धाडायची तयारी झाली. सगळं कायदेशीर!

खटपट्या: अर्धीच गोष्ट सांगताय. 1911 मध्ये किल्ला घेऊन त्या शेकोट्या परत आणून बसवल्या कुणी? कर्झनने. मरताना किल्ला नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेला दिला. तेव्हा सरकार काय करत होतं?

लाल_शाई: पदरचे पैसे म्हणे! बायको शिकागोच्या लायटर घराण्यातली, श्रीमंती तिकडची. आणि बंगालची फाळणी करणाऱ्याचं कौतुक मी तरी ऐकून घेणार नाही.

खटपट्या: फाळणीचा इथे काय संबंध? आपल्याकडचा 1904चा प्राचीन स्मारक कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला. तेवढं तरी बोला.

कृष्णाकाठ: मालकीचं मला विचारा. आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या. चुलत्यांनी आपल्या हिश्शाचे सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकले. तुळयांना लोखंडी टेकू दिले, तरी पावसाळ्यात माडी खचली. आजीचं देवघर त्याच बाजूला होतं. चुलते अजून म्हणतात, "आमचा हिस्सा होता."

खटपट्या: वाईट झालं. पण मग तुम्ही त्यांचा हिस्सा विकत का नाही घेतलात?

कृष्णाकाठ: कशाने घेणार? पगारावर? प्रत्येक घरात कर्झन असतो का?

घाटमाथा: हेच तर म्हणतोय! ब्रिटनमध्ये 1913 साली स्मारकांचा कायदा कडक झाला, त्यामागे कर्झनचा जोर होता, एवढं नाइलाजाने मान्य. म्हणजे मालकाच्या मर्जीवर भागत नाही, हे त्यालाही कळलं होतं.

कृष्णाकाठ: कायदा आणा, पण दुरुस्तीच्या पैशाचं आधी बोला. नुसती संरक्षित वास्तूंच्या यादीत नावं घालून उरलेली माडी उभी राहणार नाही.