दोन प्राचीन संस्कृतींचा खरंच संपर्क होता हे कशावरून ठरवतात?

रानवाट:
लोकहो, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. इजिप्तमधे पिरॅमिड, मेक्सिकोत पण पिरॅमिड, आणि त्यावरून कोणीतरी समुद्र ओलांडून तिकडे गेलंच असणार असं सांगणारे व्हिडिओ सारखे समोर येतात. दुसरीकडे सिंधू आणि मेसोपोटेमियाचा व्यापार होता हे पुस्तकांत सरळ लिहिलेलं असतं, त्यावर कोणी वाद घालत नाही. मग एक मान्य आणि दुसरं नाही हे पुरातत्त्ववाले कशाच्या आधारावर ठरवतात? मला नीट समजून घ्यायचंय.

मातीचा_थर:
दिसायला सारखं आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. दगड रचून उंच बांधायचं तर खाली रुंद, वर निमुळतं हाच आकार टिकतो, तो कुठेही सुचू शकतो. आणि काळ बघा की, इजिप्तमधल्या सक्कारातला जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड इ.स.पू. २६५० च्या आसपासचा, मेक्सिकोतल्या तेओतिवाकानचा सूर्य पिरॅमिड इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला, मधे अडीच हजारांवर वर्षं गेली. शिवाय येणंजाणं असतं तर नुसती इमारतीची कल्पना थोडीच गेली असती, मका इजिप्तला आला असता, गहू तिकडे गेला असता, गेलाबाजार एखादं फुटकं मडकं तरी योग्य त्या थरात मिळालं असतं. तसं काहीच नाही.

तांबडा_मणी:
सिंधूचं प्रकरण वेगळं का ते सांगतो, आवडीचा विषय आहे त्यामुळे थोडं लांबेल. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) ऊर शहराच्या राजेशाही दफनभूमीत पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुलीला इ.स.पू. २५०० च्या सुमाराच्या थडग्यांत कार्नेलियन या दगडाचे लाल मणी मिळाले, काहींवर पांढरी नक्षी. ही नक्षी म्हणजे दगडावर क्षाराचा लेप देऊन भाजून काढलेली असते, आणि लांब मण्यांना आरपार भोक पाडायला एका खास, अतिशय कठीण दगडाची टोकं लागतात, ती टोकं चन्हुदडो आणि धोलावीरा या सिंधूच्या शहरांत सापडलीत. म्हणजे दगड, हत्यारं, कसब सगळं सिंधूच्या बाजूला, आणि तयार मणी तिथून दोन हजार किलोमीटरांहून लांब.

पण नुसते मणी असते तर मीही एवढ्या ठामपणे बोललो नसतो. ऊरला सिंधू शैलीच्या मुद्रा (ठसा उमटवायचे शिक्के) मिळाल्यात, बहारीनला सिंधूच्या मापाची वजनं, ओमानच्या रास अल-जिंझला सिंधूची खापरं आणि बोटींना लावलेल्या डांबराचे तुकडे, गुजरातेतल्या लोथलला आखाती पद्धतीची गोल मुद्रा. वाटेवरचे थांबे असे एकेक हाती लागले की मग शंकेला जागा कमी उरते. त्यात लेखी पुरावाही आहे, मेसोपोटेमियातल्या अक्कदचा राजा सारगोन सांगतो की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. लूव्र संग्रहालयात शु-इलिशु नावाच्या माणसाची दंडगोल मुद्रा आहे, तिच्यावर तो मेलुहाच्या भाषेचा दुभाषा असल्याचं कोरलंय. दुभाषा लागतो म्हणजे माणसं समोरासमोर बसून बोलत होती! मला ही एक मुद्रा सगळ्या मण्यांपेक्षा मोलाची वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते, सिंधूच्या शहरांत मेसोपोटेमियाचा माल फारच कमी सापडतो. लोकर, कापड असं कुजून जाणारं काही येत असावं असा अंदाज करतात.

दर्यावर्दी:
वरच्या उत्तराला एक जोड देतो, वस्तू पोचली म्हणजे माणूस पोचला असं धरायचं नाही. स्वीडनच्या हेल्यो बेटावर १९५० च्या दशकात ब्राँझची छोटी बुद्धमूर्ती मिळाली, सहाव्या शतकाच्या आसपासची, भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडवलेली. म्हणून तिथे बौद्ध लोक राहत होते असं कोणी म्हणत नाही, हातोहात फिरत गेली असणार. माणसाचा माग काढायचा तर दात बघतात. दातावरचं एनॅमल लहानपणी बनतं आणि नंतर बदलत नाही, त्यामुळे त्यातल्या, लहानपणीच्या अन्नपाण्यातून आलेल्या स्ट्रॉन्शियम (एक मूलद्रव्य) आणि ऑक्सिजनवरून बालपण कुठल्या भागात गेलं याचा अंदाज येतो. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजजवळ २००२ मधे एका धनुर्धाऱ्याचं दफन सापडलं, इ.स.पू. २३०० च्या सुमाराचं, आणि दात सांगतात की तो आल्प्सच्या आसपास वाढला. इथे माणूसच चालत आला!

रानवाट:
भारी माहिती, दुभाष्याची मुद्रा तर आजच शोधून बघतो. मग अमेरिकेत कोलंबसच्या आधी कोणी पोचल्याचं असं पक्कं काही आहे का?

मातीचा_थर:
आहे ना, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचं लान्स ओ मेडोज. १९६० मधे हेल्गे इंगस्टाडला तिथे घरांचे अवशेष दिसले आणि मग त्याची बायको अ‍ॅने स्टीने हिने उत्खनन केलं, लोखंडी खिळे, ब्राँझची पिन, सूत कातायच्या चातीची चकती, सगळं नॉर्स लोकांचं, म्हणजे व्हायकिंगांचं. पुढे २०२१ मधे तिथल्या लोखंडी हत्याराने तोडलेल्या लाकडाचं नेमकं वर्ष निघालं, १०२१. इ.स. ९९३ च्या सौर वादळाची खूण त्या लाकडाच्या वलयात होती, तिथून बाहेर लाकडाच्या सालीपर्यंत वलयं मोजली.

पॅसिफिकचं प्रकरण अजून रंगतंय. रताळं मूळ अमेरिकेचं, पण पॉलिनेशियात (पॅसिफिकमधल्या बेटांत) मांगाया बेटावर त्याचे जळके तुकडे कोलंबसच्या आधीच्या थरात मिळाले. ते माणसांनी नेलं की बी पाण्यावर वाहत गेलं यावर वाद आहे, पण २०२० मधे पॉलिनेशियन लोकांच्या डीएनएत इ.स. १२०० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या मूळ लोकांशी सरमिसळ झाल्याचं दिसलं, त्यामुळे माझा कौल माणसांच्या बाजूने.