मदत हवी आहे : क्रोमियमचे ट्रायॉक्साइड 197 अंशांना वितळते, मग टंगस्टनचे का नाही?

नमस्कार. इंदूरला रामबागेत मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. शिकवणी हिंदीतून चालते, पण अडलेला मुद्दा मला मराठीतच नीट उलगडतो, म्हणून येथे विचारते आहे.

परवा बंद काचनळीतील क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी मी मुलांना दाखवली. त्यात क्रोमियम +3 अवस्थेत (म्हणजे त्याचा ऑक्सिडीकरण अंक +3) असते आणि ती वितळायला 2300 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. उलट +6 अवस्थेतले गडद लाल ट्रायॉक्साइड 197 अंशांनाच वितळते. मँगनीजचा फरक तर थक्क करणारा आहे. +2 अवस्थेतले ऑक्साइड 1800 अंशांच्या वर वितळते, तर +7 अवस्थेतले हेप्टॉक्साइड सुमारे 6 अंशांनाच, म्हणजे आपल्याकडे थंडीतही ते सहसा गडद हिरव्या तेलासारखे द्रवच राहील. (ते स्फोटक आहे, घरी किंवा वर्गात बनवण्याचा विचारही कोणी करू नये.)

फायान्सच्या नियमानुसार, ऑक्सिडीकरण अंक वाढला की बंध सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणारे) होत जातात, म्हणून ही ऑक्साइडे कमी तापमानाला वितळतात, असे मी सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, ‘मग टंगस्टन ट्रायॉक्साइडमध्येही +6 आहे, ते 1473 अंशांपर्यंत घन कसे राहते?’ तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. वाळूतले बंधही सहसंयुजच असतात, पण ती सहजासहजी वितळत नाही. तेव्हा बंधाच्या प्रकारापेक्षा रचना पाहायला हवी, हे मला तेव्हा जाणवले.

टंगस्टनचा अणू मोठा, म्हणून त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन बसतात, ते शेजारच्या अणूंशी वाटून घेतले जातात आणि तिन्ही दिशांना सलग जाळे तयार होते. लहान क्रोमियमभोवती चारच मावतात आणि नुसत्या साखळ्या होतात. मँगनीज हेप्टॉक्साइडचे तर सुटे रेणूच असतात. इथपर्यंत माझी संगती लागते.

अडचण ऑस्मियम या धातूची आहे. आकाराने तो टंगस्टनच्याच जवळपास, तरी +8 अवस्थेतले त्याचे टेट्रॉक्साइड सुट्या रेणूंचे असून सुमारे 40 अंशांनाच वितळते. तेथे प्रत्येक अणूच्या वाट्याला चार ऑक्सिजन येतात, टंगस्टनला तीनच. म्हणून ऑस्मियमला शेजाऱ्याकडून वाटून घेण्याची गरज उरत नाही, असे मानणे बरोबर ठरेल का? की आकार आणि हे प्रमाण यांखेरीज आणखी काही कारण आहे? जाणकारांनी कृपया सांगावे. गुरुवारच्या तासाला मला त्या मुलीला उत्तर द्यायचे आहे.