शब्दचर्चा : बायोफिल्मला ‘थर’ म्हणावं का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक विषय मराठीत मांडतोय. कारखान्यांतल्या नळ्यांत, टाक्यांत, पाणी गाळायच्या मेम्ब्रेनवर जिवाणूंची बायोफिल्म, म्हणजे त्यांची चिकट बुळबुळ, धरते आणि नुकसान करते. तिच्यावर उपाय म्हणून जनुकं बदललेले दुसरे जिवाणू सोडायचे, असं संशोधन चालू आहे.

अडलोय ते शब्दांपाशी. बायोफिल्मसाठी ‘जैवपटल’, ‘जीवपटल’, ‘जैविक थर’ असं काय काय दिसतं. इंजिनिअर्ड बॅक्टेरियाला ‘अभियांत्रिकी जिवाणू’ लिहिलं तर कुणाला काय कळणार? क्वोरम सेन्सिंग आणि डिस्पर्सल यांना तर काहीच सुचत नाही. आमचे निम्मे वाचक गुजराती माध्यमात शिकलेत, मराठी त्यांची घरातली. त्यांच्या तोंडी बसेल असं काही सुचवा.

उत्तर (मकरपुऱ्याहून)

बाकी काहीही लिहा दादा, पण ‘थर’ लिहू नका. या शब्दाने आमचा एक महिना खाल्लाय.

मी कूलिंग टॉवरच्या पाण्याचं काम बघते. एका कारखान्यात हीट एक्स्चेंजरमधून तेल हवं तितकं गार होऊन बाहेर येईना. लॉगबुकात आदल्या पाळीच्या माणसाने लिहून ठेवलं होतं, ‘ट्यूबमध्ये थर’. आमच्या धंद्यात थर म्हटलं की क्षार. तसं धरून अ‍ॅसिडने धुवून काढलं. तीन आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखंच. मग झाकण उघडायला लावलं आणि मी स्वतः नळीत बोट घातलं. क्षार असते तर नखाला खरखर लागली असती. इथे बोट सरकन घसरलं. भेंडी चिरल्यावर सुरीला लागते ना, तशी करडी बुळबुळ. ती नखाने काढली तर खाली काळं, आणि कुजक्या अंड्यांचा वास. कापडाने पुसलं तेव्हा पोलादात मोहरीएवढे खड्डे दिसले.

त्या बुळबुळीच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू बसतात, हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि धातू खातात. शिवाय उष्णता अडवण्यात ही बुळबुळ क्षारांच्याही वरचढ असते, कारण ती बहुतेक पाण्याचीच बनलेली असते आणि उष्णता पुढे देते तीही पाण्याइतकीच मंद. कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे क्षारांचा, तेवढाच जाड थर परवडला. म्हणजे दोन्ही वेळा लॉगबुकात शब्द एकच, ‘थर’. दुखणी दोन, औषधंही दोन. म्हणून मला हा शब्द नको.

कामगार तिला ‘चीकाश’ म्हणतात, गुजरातीतला शब्द. आमच्यातल्या मराठी बायका ‘शेवाळ’ म्हणतात. ते बरोबर नाही, शेवाळाला ऊन लागतं, नळीत काळोख असतो. ‘किटण’ मनात आलं होतं. पण सकाळी दात न घासता जीभ फिरवली की जे चिकट लागतं ते बायोफिल्म. ते टणक झालं की किटण. मला ‘पुट’ पटतं. धुराचं पुट चढतं, मळाची पुटं चढतात, एकावर एक. ‘जिवाणूंचं पुट’.

उत्तर (प्रतापगंजहून)

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ताईंचं ‘पुट’ मला आवडलं, आणि ‘पटल’ नको यावर तर दोन मतं नाहीत. पटल म्हटलं की वाचकाच्या मनात नेत्रपटल येतं, नाहीतर सभागृहाचं पटल.

फक्त एक गोष्ट पुटात येत नाही, ती म्हणजे वस्ती. सुटे जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, मग स्वतःभोवती शर्करांचा, प्रथिनांचा, डीएनएचासुद्धा चिकट गोळा तयार करतात. आत पाणी खेळायला वाटा असतात. क्लोरीन वरच्या वरच खर्च होतं, खालच्यांपर्यंत पोचतच नाही. म्हणून पहिल्यांदा ‘जिवाणूंच्या वस्तीचं पुट, म्हणजे बायोफिल्म’ असं लिहा आणि पुढे सरळ ‘बायोफिल्म’ चालू ठेवा. फिल्म हा शब्द आता परका राहिलेला नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला, त्यात कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर अनेक भाषांतले पर्याय आहेत. आपणही शब्दाला एकच जोडीदार शोधायचा हट्ट सोडावा असं मला मनापासून वाटतं.

क्वोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. त्यासाठी शब्द आपल्या घरी येतो, सोसायटीच्या नोटिशीतून : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’. ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव जिवाणूंसाठी १९९४ साली आलं, तेही सभेवरूनच घेतलेलं. प्रत्येक जिवाणू एक खुणेचा रेणू पाण्यात सोडत राहतो. जवळपास आपलेच पुष्कळ झाले की त्या रेणूचं प्रमाण ठरावीक पातळीवर जातं, आणि सगळे मिळून वागणं बदलतात. सोसायटीची सभा अर्ध्या तासाने गणपूर्ती नसतानाही भरते, जिवाणूंची भरत नाही. सेन्सिंगला ‘संवेदन’ नको, ‘चाहूल’ घ्या. ‘गणपूर्तीची चाहूल’. न बघता कुणीतरी असल्याचं कळणं याला मराठीत याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

डिस्पर्सलला ‘विखुरण’ लिहितात. ‘पांगणं, पांगवणं’ का नाही? वस्ती पांगते, गर्दी पांगवतात. २०१२ साली संशोधक थॉमस वुड यांच्या गटाने अमेरिकेत केलेला प्रयोग या शब्दात सहज बसतो. ई. कोलाय जिवाणूंचं एक पुट आधी धरू दिलं. मग त्यात घडवलेले, म्हणजे इंजिनिअर्ड, ई. कोलाय सोडले. ते आत शिरून बसले, संख्येने वाढले, आणि त्यांच्या खुणेच्या रेणूने आधीचे रहिवासी पांगले. शेवटी एक रसायन पाण्यात घातलं तसे हे नवेही पांगले. याच गटाच्या २०१६ च्या कामात तर मेम्ब्रेनवर मुद्दाम एक जिवंत पुट ठेवलं होतं. ते गणपूर्तीची चाहूल घेऊन स्वतःची जाडी वाढू देत नाही, आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून उपद्रवी जिवाणूंना धरू देत नाही. म्हणून ‘निर्मूलन’ लिहू नका. पुट राहणारच आहे, ते आटोक्यात राहतं.

वर ‘घडवलेले’ लिहिलं ते विचार करून. ‘सुधारित’मध्ये बियाण्याच्या पिशवीवरची शाबासकी येते. ‘मानवनिर्मित’ हा शब्द आनंद चक्रवर्तींच्या तेल खाणाऱ्या जिवाणूच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली वापरला, पण चक्रवर्तींनी काही शून्यातून जीव केला नव्हता. असलेल्या जिवाणूत दुसऱ्यांची प्लाझ्मिडं, म्हणजे डीएनएची छोटी सुटी कडी, आणून बसवली होती. माती आधीची, घाट आपला : ‘घडवलेले’.

उत्तर (मकरपुऱ्याहून)

क्रियापदही सांभाळा. ‘कारखान्यांत असे जिवाणू वापरतात’ असं लिहिलंत तर उद्या कुणी मला फोन करून दर विचारेल. आमच्याकडे आज क्लोरीन, ब्रोमीन आणि जिवाणू मारणाऱ्या बायोसाइडचे कॅनच आहेत. घडवलेले जीव उघड्यावर सोडायचे तर १९८९ च्या नियमांखाली केंद्राची परवानगी लागते, आणि कूलिंग टॉवरचं पाणी तुषारांनी हवेत उडतं, हे विसरून चालत नाही. ‘वापरून पाहत आहेत’ लिहा.

प्रश्नकर्ता

दोघींचेही आभार. आता सुरुवात अशी केलीय :

‘नळीच्या आत जिवाणूंच्या वस्तीचं पुट चढतं, त्याला बायोफिल्म म्हणतात. प्रयोगशाळेत घडवलेले काही जिवाणू या वस्तीत शिरतात, गणपूर्तीची चाहूल लागली की जुन्या रहिवाशांना नष्ट करतात आणि पुट आटोक्यात ठेवतात.’

उत्तर (प्रतापगंजहून)

‘नष्ट करतात’ काढा, तिथे ‘पांगवतात’च हवं. ते मरत नाहीत, सुटे होऊन पाण्यात जातात. पुढच्या वाक्यात तेवढं सांगा, कारण सुटे झाल्यावरच ते क्लोरीनला सापडतात.