'ऊर्जेची उपलब्धता' की 'पोहोच'?

सुमेधा_भा: केनियातल्या ग्रामीण विजेवरचा एक संशोधन-लेख मराठीत आणतेय. 'ऍक्सेस टू मॉडर्न एनर्जी'ला आधी 'आधुनिक ऊर्जेची उपलब्धता' लिहिलं, पण त्याने लेखाचा मुद्दाच उलटा होतो. पश्चिम केनियातल्या १५० वस्त्यांची ही पाहणी. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ६०० मीटरच्या आत, तरी सरासरी ५ टक्के घरांतच वीज. जोडणीला तेव्हा ३५,००० शिलिंग भरावे लागत. म्हणजे वीज उपलब्ध आहे आणि घर अंधारात आहे. 'पोहोच' चालेल?

कृष्णाकाठ: पोहोच म्हणजे पावती. 'रकमेची पोहोच द्यावी' असंच आम्ही लिहीत आलो. शिवाय कोण कोणापर्यंत पोहोचायचं, माणूस विजेपर्यंत की वीज माणसापर्यंत? आमच्याकडे 'कोटेशन भरलंय, कनेक्शन नाही' म्हणतात, कुणालाही कळतं. आणि रोहित्र हा शब्द लेखातच राहू दे. गावात डीपी जळते.

निरुक्त: कृष्णाकाठ, डीपी म्हणजे खालची पेटी, रोहित्र वेगळं. दोन्हींना एकच नाव पडलं म्हणून नेमका शब्द टाकून द्यायचा का? रोज बातम्यांत वाचतोच की आपण.

कृष्णाकाठ: वाचतो. बोलत नाही. वायरमनला फोन करून 'रोहित्र बिघडलं' म्हणून बघा.

दारेसलामची_मावशी: सुमेधा, मला 'आधुनिक' जास्त खटकतं. वाचणाऱ्याला फक्त दिवे दिसतात. निम्मा प्रश्न चुलीचा आहे. इथे बल्ब, टीव्ही, मोबाइल असलेल्या घरातही मक्याच्या पिठाची उगाली रटरटते ती लोणारी कोळशावर. शेगडीला स्वाहिलीत 'जिको' म्हणतात. केनियन जिको पत्र्याची, डमरूसारखी कमरेत आवळलेली, आत भाजक्या मातीचं अस्तर. कोळसा कमी लागतो. पण धूर आणि राख बाईच्याच वाट्याला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे वीज नसलेले साधारण ६० कोटी, स्वच्छ इंधन नसलेले त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा 'ऊर्जा'चं 'वीज' होऊ देऊ नकोस.

आणि गंमत म्हणजे स्वाहिलीत आकाशातली वीज आणि तारेतली वीज दोन्ही 'उमेमे'च.

निरुक्त: वा! आपलंही तसंच. विद्युत्, प्राकृतात विज्जु, मग वीज. म्हणून म्हणतो, 'लाईट गेली' म्हणणं सोडा.

लागोसहून_परत: का सोडावं? नायजेरियातही 'लाईट'च जाते आणि येते. आली की गल्लीभर पोरं 'अप नेपा!' ओरडतात. नेपा हे तिथलं जुनं वीज मंडळ, २००५ मध्ये मोडीत निघालं. आरोळी अजून तीच.

सुमेधा_भा: मावशी, चुलीचं पटलं, तळटीप नाही, मजकुरातच घेते. पण मूळ शब्द राहिलाच. मोजणीच्या एका पद्धतीत पहिली पायरी म्हणजे दिवसाला किमान ४ तास वीज, त्यातला १ तास संध्याकाळचा. असल्या पायऱ्यांना 'पोहोच' लावता येईल? 'सुलभता' म्हटलं तर सगळं सोपं वाटायला लागतं.

निरुक्त: 'प्राप्यता' घ्या.

कृष्णाकाठ: ती कोणाला प्राप्य? 'वीज मिळणं' लिहा, सरळ क्रियापद. मराठीला नामं कशाला चिकटवता?

निरुक्त: शीर्षकात आणि तक्त्यात क्रियापद कसं बसवणार?

लागोसहून_परत: आपल्या मंडळाचे तुकडे झाले तेही २००५ लाच ना? तरी आमच्या गल्लीत बिल अजून 'एमएसईबीचं'च येतं.

कृष्णाकाठ: आमच्याकडे 'बोर्डाचं'.