‘रेनमेकर’ला मराठीत काय म्हणाल? (सोबत ग्रिशमच्या सिनेमांची उतरंड)

शब्दवेडी
जॉन ग्रिशमच्या कोर्टकचेरीच्या कादंबऱ्यांवरचे सिनेमे सुट्टीत ओळीने बघून काढले. कोणता वर, कोणता खाली यावर एक लेख लिहायला घेतला आणि शीर्षकांपाशीच गाडी अडली. माझ्या यादीत पहिला कोपोलाचा ‘द रेनमेकर’ (१९९७). अमेरिकन वकिली बोलीत रेनमेकर म्हणजे फर्मला बडे अशील आणि भरघोस फी मिळवून देणारा वकील. मी ‘पाऊस पाडणारा’ असं लिहिलं, तर आईने वाचून विचारलं, “कुठल्या मांत्रिकाबद्दल आहे?”

निवृत्त शिरस्तेदार
आईंचं बरोबर आहे. आपल्याकडे ‘पैशांचा पाऊस पाडून देतो’ म्हणणारा माणूस शेवटी पोलिसांच्या बातमीतच सापडतो. त्यामुळे शब्दशः भाषांतर केलंत तर मॅट डेमनच्या हातात लिंबू-मिरची येईल. दुसरी गोष्ट अशी की तिकडे वकील भरपाईतला हिस्सा फी म्हणून घेऊ शकतो, एका निकालात आयुष्याची ददात मिटते. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. जो पाऊस कायद्याने पडूच शकत नाही, त्याला शब्द कुठून असणार? ‘कामं ओढून आणणारा वकील’ एवढंच म्हणत आलो आम्ही.

पॉपकॉर्न
गंमत म्हणजे सिनेमातही पाऊस पडत नाहीच! ज्यूरी (दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक) विमा कंपनीला ५ कोटी डॉलरचा दंड ठोठावते, कंपनी दिवाळं काढते आणि रूडीच्या, म्हणजे मॅट डेमनच्या वकिलाच्या, हाती भोपळा. गर्जेल तो पडेल काय! शीर्षक उपरोधिकच आहे, म्हणून ते ‘रेनमेकर’च राहू दे.
पण पहिला नंबर? अजिबात नाही. पहिला ‘द फर्म’ (१९९३). टॉम क्रूझ, जीन हॅकमन आणि डेव्ह ग्रुसिनचा तो पियानो.

शब्दवेडी
‘फर्म’ला मात्र आयता शब्द आहे: पेढी. सॉलिसिटरची पेढी म्हणतातच, आणि सराफाची पेढीही त्यात ऐकू येते. माफियाचा पैसा धुऊन देणाऱ्या वकिलांना याहून नेमकं काय म्हणणार?
तरी तो दुसराच. कादंबरीत नायक मिच (सिनेमातला टॉम क्रूझ) पैसे घेऊन पसार होतो. सिनेमात तो पेढीने अशिलांची बिलं फुगवल्याचं दाखवून सुटतो, गुपितंही फोडत नाही. हुशार शेवट आहे, पण फार सोज्वळ.

पॉपकॉर्न
सोज्वळ काय, वकिलीच्या चौकटीत राहून सुटतो म्हणून तर मजा! पळून कोणीही जाईल. बरं, तुम्ही सारखं ‘अशील’ म्हणताय. लहानपणी मला वाटायचं, ज्याला शील नाही तो अशील.

निवृत्त शिरस्तेदार
पुष्कळांना वाटतं. त्याचा शीलाशी संबंध नाही, ‘असल’शी आहे. मूळ अरबी. वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, आणि ज्याच्या वतीने बोलतो तो मूळ माणूस म्हणजे अशील. ‘पक्षकार’ वेगळा: तो दाव्यातला पक्ष. दावा लागलेलाच नसेल तरी माणूस अशील असतोच. ‘द क्लायंट’मधला (१९९४) अकरा वर्षांचा पोरगा एक डॉलर देऊन वकीलबाई करतो. तो पक्षकार नाही, फक्त अशील. क्रमवारीत मी तो तिसरा ठेवीन, सुझन सॅरँडनसाठी.

शब्दवेडी
काका, मग ‘अ टाइम टू किल’ (१९९६) कुठे ठेवता? माझा खरा प्रश्न त्याचाच आहे. शीर्षक बायबलमधल्या उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायातलं: मारण्याची वेळ, बरं करण्याची वेळ. इथे ‘किल’ला काय म्हणू? मारणं, हत्या, खून की वध?

निवृत्त शिरस्तेदार
तुम्ही निवडाल त्या शब्दात निकाल आलाच. मिसिसिपीतला कार्ल ली हेली आपल्या दहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्या दोघा गोऱ्यांना कोर्टातच गोळ्या घालतो. ‘खून’ म्हटलंत की सरकार पक्षात बसलात. ‘वध’ म्हटलंत की बचाव पक्षात. कंसाचा वध होतो, अफझलखानाचाही वधच. त्याला कोणी खून म्हणून बघावं!
कायद्याची मराठी मात्र असले भाव जाणत नाही. तिथे ‘सदोष मनुष्यवध’ हा गुन्हाच आहे. दंड संहितेचं ३०४ कलम, आता भारतीय न्यायसंहितेत १०५. पुराणात मानाचा असलेला शब्द आरोपपत्रात पिंजऱ्यात उभा.

शब्दवेडी
म्हणजे अख्खा सिनेमा खून आणि वध यांच्यामधल्या फटीत घडतो. कार्ल लीचा वकील जेक, त्याचं शेवटचं भाषणही तेच करतं: डोळे मिटा, त्या मुलीचे हाल बघा, आणि आता ती गोरी आहे असं समजा. पंचांच्या मनातला शब्द तो बदलून टाकतो. हा तिसऱ्याच्याही वर सरकवावा लागणार.

निवृत्त शिरस्तेदार
सरकवा, पण लेखात ज्यूरीला ‘पंच’ लिहू नका. आमच्याकडे पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा, आणि तो निम्म्या वेळा फितूर होतो. ज्यूरी ती ज्यूरीच.

पॉपकॉर्न
मग ‘रनअवे ज्यूरी’ (२००३)? पळपुटी ज्यूरी?

शब्दवेडी
उधळलेली! बैल दावं तोडून उधळतो तशी.

निवृत्त शिरस्तेदार
वा! आपलं नानावटी प्रकरण त्याचंच उदाहरण. मुंबई, १९५९. नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि तिथे शिक्षा झाली. पण सिनेमातली ज्यूरी उधळत नाही, एक ज्यूरर तिला आतूनच हाकत असतो. कादंबरीतला खटला तंबाखू कंपनीवर होता, सिनेमात बंदूक कंपनीवर आणला.

पॉपकॉर्न
हॅकमन तिथेही आहे, आणि ‘द चेंबर’मध्येही (१९९६). तो शेवटचा नंबर, यावर तरी एकमत?

शब्दवेडी
एकमत. तो गॅस चेंबर आहे, पण मराठीत ‘चेंबर’ म्हटलं की गटाराचं झाकणच डोळ्यांसमोर येतं. या सिनेमाच्या बाबतीत मी दुरुस्ती सुचवणार नाही.
राहिला ‘द पेलिकन ब्रीफ’. ब्रीफचं काय करू?

निवृत्त शिरस्तेदार
मुंबईत ब्रीफ म्हणजे सॉलिसिटर कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाला (कौन्सेलला) देतो तो कागदांचा गठ्ठा. ‘ब्रीफ मिळालं’ म्हणजे काम मिळालं. अमेरिकेत ब्रीफ म्हणजे कोर्टात दाखल केलेला लेखी युक्तिवाद. आणि ज्युलिया रॉबर्ट्सचं यांपैकी एकही नाही. कायद्याच्या विद्यार्थिनीने अंदाजाने लिहिलेलं टिपण आहे ते. ‘टिपण’ लिहा, आणि चौथ्या नंबरावर टाका.

पॉपकॉर्न
पाचव्या!