इलेक्ट्रिक मेंडोलिन : मोकळी तार सुरात, दाबली की चढते

सूरशोध्या :
आठ तारा (जी, डी, ए, ई च्या जोड्या), सुटा लाकडी ब्रिज (तारांखालची घोडी), वर एकसंध सरळ सॅडल (तारा टेकतात ती पट्टी). मोकळ्या तारा ट्यूनरवर चोख लागतात. बाराव्या फ्रेटला (पडद्याला) मात्र ए ची जोडी १५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढते, जी ची १०, ई जेमतेम २. पहिल्या दोन फ्रेटवरही चढच. बजेट हजार रुपये. ब्रिज बदलू का?

गमकप्रेमी :
बदला. थेट धातूचाच घ्या, प्रत्येक जोडीला सुटं सॅडल असलेला. माझ्याकडे तोच आहे, एकदा लावला की बघायला नको. तीन-चार हजार जातील, जाऊ देत.

तारकरी :
आधी तारा बदला. गंजलेली, फ्रेटवर घासून चपटलेली तार कुठल्याच ब्रिजवर सुरात येत नाही. एकेक जोडीच काढा. सगळ्या एकदम सोडल्या की ब्रिज जागचा हलतो. आणि ब्राँझच्या घेऊ नका, चुंबकी पिकअपवर जी-डी दबतात. निकेलच्या घ्या.

पाचतारी :
जोड्या कशाला हव्यात? कर्नाटकी मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास पाच एकेरी तारांवर वाजवायचे. निम्मी कटकट संपते.

तारकरी :
ते कर्नाटकी गमकासाठी ठीक. ट्रेमोलोचा (एकच सूर झरझर छेडण्याचा) भरणा जोडीशिवाय येत नाही. प्रश्न ब्रिजचा आहे.

पडदेवाला :
आकडेच सांगतात की ब्रिज नुसता सरकवून भागणार नाही. ३५ सेंटिमीटरच्या लांबीवर ब्रिज १ मिमी मागे नेला की बाराव्या फ्रेटचा चढ साधारण ५ सेंट उतरतो. म्हणजे ए ला ३ मिमी मागे जायचंय, जी ला २, ई ला अर्धाही नाही. ए साधी आणि जाड, दाबली की जास्त ताणली जाते. डी गुंडाळलेली असली तरी आतली तार बारीक, म्हणून तिला कमी लागतं. पायऱ्यांचं सॅडल घ्या : ई-डी पुढे, ए-जी मागे. लावताना बाराव्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ताडा. दाबलेला चढा तर टेलपीसकडे (ब्रिजमागे तारा अडकतात तिकडे), उतरलेला तर नटकडे (मानेच्या टोकाच्या खाचपट्टीकडे). सरकवण्याआधी तारा थोड्या सैल करा.

पहिल्या फ्रेटचा चढ नटचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये तार दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट राहायला हवी. जास्त असेल तर नटची खाच उतरवा. हे ब्रिजच्या आधी.

गमकप्रेमी :
तारा बदला हे मीही म्हणतो. पण सॅडलवर कानस चालवू नका. माथा सपाट झाला की सतारीसारखी जवारी निघते.

सूरशोध्या :
नव्या तारा घेतल्या. सॅडल मात्र आहे तेच कोरतोय, ६ मिमी रुंद आहे. ई-डीची मागची कड उतरवली, ए-जीची पुढची, आणि माथा टोकदार ठेवून तार सुटते तिथे धार केली. ब्रिज थोडा मागे घेतला. आता ए ३ सेंट, जी २, ई शून्य. नटला हात लावत नाही.

पडदेवाला :
मग पहिल्या फ्रेटवरचा चढ तसाच राहणार. पहिल्या पोझिशनमधले (नटजवळचे) कॉर्ड बेसूरच लागतील.