दक्षिण आफ्रिकेने बॉम्ब मोडले, पण ते तपासलं कसं?

रानवाट:
मंडळी, एक शंका आहे. दक्षिण आफ्रिकेकडे सहा अणुबॉम्ब तयार होते, सातवा अर्धवट, आणि ते त्यांनी स्वतःहून मोडले. १९९१ मध्ये एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्रं पसरू न देण्याच्या करारावर, सही केली पण बॉम्ब होते हे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्कनी संसदेत सांगितलं थेट मार्च १९९३ मध्ये. म्हणजे तपासायला माणसं गेली तेव्हा बॉम्ब नव्हतेच! मग एखादा लपवलेला नाही हे कशावरून?

खडूफळा:
हिशोबावरून. बॉम्बचं डिझाइन, कागद वगैरे आधीच नष्ट केलेलं, पण बॉम्बला लागणारं समृद्ध युरेनियम जिथे बनलं त्या, पेलिंडाबा अणुकेंद्राजवळच्या वाय प्लांटच्या जुन्या नोंदी शिल्लक होत्या. आयएईए, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लोकांनी त्या चाळल्या, किती युरेनियम आत गेलं, किती समृद्ध होऊन बाहेर पडलं, कचऱ्यात किती राहिलं, आणि मग हातात असलेल्या साठ्याशी ताडून बघितलं. बॉम्ब मोडला तरी आतलं युरेनियम कुठे जात नाही ना, वितळवून ठेवलं तरी वजन करता येतं. कलहारी वाळवंटात वास्ट्रॅपला चाचणीसाठी खणलेली खोल विवरंसुद्धा त्यांच्या देखत बुजवली. मला तरी हे काम फार मोठं वाटतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

माळरान:
बरोबर, पण तिथलं सरकार दारं उघडून बसलं होतं हे विसरू नका. इराकचं बघा. बगदादजवळच्या तुवैथा अणुकेंद्रात तपासनीस नेमाने जायचे, पण जाहीर केलेल्याच इमारती बघायचे आणि त्याच आवारात दुसरीकडे गुपचूप काम चालू, १९९१ च्या युद्धानंतर ते उघड झालं. त्यानंतर १९९७ मध्ये अॅडिशनल प्रोटोकॉल हा तपासणीचा जादा करार आला, म्हणजे जाहीर न केलेल्या जागीही जायचा हक्क, धूळ-मातीचे नमुने घ्यायचा हक्क. अर्थात ज्या देशाने तो स्वीकारला त्याच्यापुरताच.

रानवाट:
अच्छा, म्हणजे सगळा खेळ युरेनियमच्या वजनाचा. मग ते युरेनियम गेलं कुठे?

खडूफळा:
थोडं वैद्यकीय आयसोटोप (रोगनिदानात लागणारे किरणोत्सर्गी पदार्थ) बनवायला वापरलं, पण बरंचसं पेलिंडाबालाच राहिलं, अमेरिका मागत होती तरी दिलं नाही. आणि २००७ मध्ये त्याच पेलिंडाबात हत्यारबंद लोक कुंपण ओलांडून थेट कंट्रोल रूमपर्यंत घुसले होते, एकाला गोळी लागली. युरेनियमला हात लागला नाही. पण बॉम्ब मोडून इतकी वर्षं झाल्यावरही त्या साठ्याला पहारा लागतोच, आणि तो पहारा कसा आहे हे विचारायला हवं.